त्रावणकोरची उडती खार आणि आपल्याकडच्या ढोली

माजलगावचा मास्तर

आमच्या गावच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरायलाय. मुठीत मावेल एवढा राखाडी जीव, कपाळापासून पाठीवर काळा पट्टा, एका पोराच्या हातावरून झेप घेऊन दुसऱ्याच्या खांद्यावर. खाली लिहिलंय, 'केरळच्या जंगलातली दुर्मीळ उडती खार, आता आपल्या शहरात, जोडी मिळेल.' दोघा पालकांनी मला विचारलं, सर, घ्यावी का पोरांसाठी?

तो प्राणी खार नाहीच. तो शुगर ग्लायडर, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, पोटाला पिशवी असलेल्या कांगारूंच्या गोतावळ्यातला. त्याच्यापेक्षा तुम्ही-आम्ही खारीचे जवळचे नातेवाईक आहोत. पण केरळच्या जंगलात एक छोटी उडती खार खरंच आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत वाचायला फार कमी मिळतं. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट, उडती खार उडत नाही. तिला पंख नसतात. पुढच्या मनगटापासून मागच्या घोट्यापर्यंत दोन्ही कुशींना केसाळ कातडीचा पडदा असतो. ती बसलेली असली की हा पडदा सैल बंडी घातल्यासारखा अंगाला चुण्या घालून राहतो. शेंड्याजवळून उडी टाकून चारी पाय फाकवले की तो ताणला जातो. मनगटापाशी कूर्चेची एक काडी असते, ती बाहेर काढली की पडद्याची कड आणखी रुंदावते. मग जेवढी उंची खाली येईल त्याच्या साधारण दुप्पट-तिप्पट अंतर आडवं कापायचं. खोड जवळ आलं की अंग एकदम उभं करायचं, वेग मोडायचा आणि चारी पंजांनी साल धरायची. धरल्याबरोबर ती खोडाच्या पलीकडच्या अंगाला पळते. मागून घुबड येत असेल तर त्याचा डाव फसावा म्हणून.

पश्चिम घाटात उडत्या खारी दोन जातींच्या. मोठी आपल्या सह्याद्रीतही आहे, तिला जुनी माणसं पाख्या म्हणतात. दुसरी ही छोटी, त्रावणकोरची. शास्त्रीय नाव पेटिनोमिस फस्कोकॅपिलस. डोकं-धड मिळून ३० सेंटिमीटरच्या आसपास, वरून गडद तपकिरी, पोटाला पांढुरकी. मोठीची शेपटी गोल झुबकेदार असते, हिची चपटी, केस दोन्ही बाजूंना वळलेले. जगात ती दोनच ठिकाणी सापडते, दक्षिणेकडचा पश्चिम घाट आणि श्रीलंका.

१८४७ साली जर्डन या इंग्रज डॉक्टर-निसर्गअभ्यासकाच्या नावानं तिची शास्त्रात नोंद झाली. नंतर भारतात ती जवळपास शंभर वर्षं कुणाला दिसलीच नाही. संपली असंच धरून चालले होते. १९८९ मध्ये जी. यू. कुरूप यांनी ती केरळात पुन्हा सापडल्याचं प्रसिद्ध केलं.

मला विचाराल तर ती कुठं गेलीच नव्हती. रात्री झाडांच्या शेंड्यांवर फिरणारा, फारसा आवाज न करणारा, दिवसभर ढोलीत झोपणारा जीव. तिच्यासाठी अंधारात वर मान करून उभं राहायला कुणाला वेळ होता?

पाणीवाला औसेकर

सर, माहिती लई भारी. पण राग नसावा, एक विचारतो. २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिल्ह्याचं जंगल एक टक्क्याच्याही आत. इथं माणसांचे हाल, आणि आपण केरळातल्या सदाहरित जंगलातल्या खारीचं काय घेऊन बसायलोत?

परळीचा पोऱ्या

आपण फक्त खारीचा वाटा उचलायचा भाऊ 😀

माजलगावचा मास्तर

@परळीचा पोऱ्या, हा विनोद कोण आधी करतंय एवढंच बघत होतो.

@औसेकर, राग कशाचा. खार वाचली की लातूरला पाऊस पडेल असं काही मी सांगणार नाही. असले ओढूनताणून जोडलेले धागे मलाही आवडत नाहीत. नाथसागर भरतो नाशिक-नगरकडच्या पाण्यावर, आणि ही खार राहते तिथून शेकडो कोस दक्षिणेला. माझा मुद्दा पाण्याचा नाही, ढोलीचा आहे. थोडं पुढं लिहितो, शाळेला निघालोय.

रेल्वेवाली परभणीकर

मी सध्या नोकरीनिमित्त पलक्कडला असते. मास्तर, तुमच्या या खारीची माझी एकदाच गाठ पडली आहे, ते सांगते.

अनामलाईच्या डोंगरात वालपारई म्हणून पठार आहे, तमिळनाडूत. इंग्रजांच्या काळापासून चहा-कॉफीचे मळे, आणि मधे मधे जंगलाचे तुकडे उरलेले. तिथं रात्री प्राणी बघायला माहितगार माणसाबरोबर गेलो होतो. टॉर्चला लाल कागद लावलेला, म्हणजे जनावरांचे डोळे दिपत नाहीत. नियम एकच, बोलायचं नाही.

आधी ऐकू आलं ते खाणं. वरून फळाच्या साली टपटप पडत होत्या. त्यानं टॉर्च वर नेला तेव्हा ती खोडावर उलटी चिकटलेली होती, डोकं खाली, शेपटी सालीवर चपटी दाबलेली. डोळे चेहऱ्याच्या मानानं केवढे तरी मोठे. कुशीला कातडीची घडी स्पष्ट दिसत होती, तिची कड फिकट होती. प्रकाश अंगावर असूनही बराच वेळ हलली नाही. मग सरसर वर गेली, फांदीच्या टोकाला जाऊन मान दोनतीनदा खालीवर केली (अंतराचा अंदाज घेते म्हणे) आणि सुटली. आम्हाला वाटलं पडली. पलीकडच्या झाडावर 'थप्प' आवाज आला. टॉर्च तिकडे नेईपर्यंत खोडामागं गायब. शेपटी चपटी होती म्हणून छोटीच, असं त्या माणसानं सांगितलं. मोठी असती तर आवाजही मोठा आला असता.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते दुसरंच. त्या तुकड्याच्या पुढं नुसता चहा. गुडघ्या-कमरेएवढी झुडपं डोंगरभर, मधे सिल्व्हर ओकची सरळसोट खोडं, तीही छाटलेली. माकड निदान जमिनीवर उतरून पलीकडं जाऊ शकतं. ही खार उतरली तर पायातल्या पडद्यामुळं धड पळताही येत नाही. त्या शेवटच्या झाडापाशी तिचं गाव संपतं.

नळदुर्गी

वा ताई. फोटो?

रेल्वेवाली परभणीकर

फ्लॅश मारू देत नाहीत, आणि मारायचाही नसतो. फोनमध्ये आलाय तो अंधार.

गुरांचा डॉक्टर, केज

शुगर ग्लायडरवर बोलतो, कारण आता ते आमच्याकडंही यायलेत. माझं काम गायी-म्हशींचं, तरी लोक खोक्यात घालून आणतात.

हा निशाचर आणि टोळीनं राहणारा प्राणी. एकटा पिंजऱ्यात ठेवला की स्वतःचंच अंग चावून घेतो. लोक त्याला सफरचंद, बिस्कीट, गोड दही देतात. रानात तो झाडाचा डिंक, फुलांचा रस आणि किडे खाऊन जगतो. घरच्या खाण्यात कॅल्शियम कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात आणि मागचे पाय ओढत चालायला लागतो. असा आला की माझ्याकडं करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

दुसरं, 'केरळची खार' असं सांगून विकणारा एक तर खोटं बोलतोय, नाहीतर गुन्हा करतोय. आपल्या रानातले संरक्षित प्राणी पकडणं, विकणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. मास्तर, त्या पालकांना सांगा, पैसे वर आले असतील तर पोरांना दुर्बीण घेऊन द्या.

किनवटी

ढोलीबद्दल मास्तर काय लिहिणार त्याची वाट बघतोय, पण आमच्याकडचं आधी सांगून टाकतो.

किनवट-माहूरच्या पट्ट्यात साग आहे, ऐन आहे, मोह आहे. मोहाचं म्हातारं झाड आतून पोकळ होतं. फांदी मोडते, तिथं पाणी मुरतं, बुरशी लागते, वाळवी आतला गाभा खाते, सुतार पक्षी भोक पाडतो. बाहेरून झाड जिवंत, मोहफुलं टाकतंय, आणि आत खोलीच्या खोली तयार. पिंगळा, राघू, साळुंकी, घोरपड, मधाचं पोळं, सगळे भाडेकरू तिथंच. मोह सहसा कुणी तोडत नाही, फुलं मिळतात म्हणून. पण इतर झाडांत जे वाळलेलं, पोकळ, वाकडं असेल ते पहिलं जातं. 'मेलेलंच तर आहे' म्हणून. सरपणाला माणसं तेच नेतात, आणि साग विरळ करतानाही कुऱ्हाड आधी त्याच्यावरच पडते.

माजलगावचा मास्तर

किनवटी भाऊंनी माझं निम्मं काम केलं.

राजस्थानात सीतामाता अभयारण्य आहे, प्रतापगडकडं. कोरडं पानगळीचं रान. तिथं मोठी उडती खार बघायला लोक संध्याकाळी मोहाच्या झाडांखाली जाऊन बसतात, कारण ती मोहाच्या ढोलीत राहते. म्हणजे मोठी खार थोडी सोशिक. रान कोरडं असलं तरी चालतं, ढोली हवी. छोटी मात्र ओल्या, दाट, वर फांद्यांना फांद्या भिडलेल्या जंगलाची. तिला ढोलीही हवी आणि झेपेच्या टप्प्यात पुढचं उंच झाडही हवं.

आता हिशेब करा. झाड २० मीटर उंच असेल तर झेप साधारण ४०-५० मीटरची. रस्ता रुंद केला, दोन्ही बाजूंची उंच झाडं काढली आणि कडेला कमरेएवढी शोभेची झाडं लावली, तर सरकारी कागदावर 'वृक्षाच्छादन' तेवढंच राहतं. खारीला मात्र तिथं भिंत उभी राहिली. विजेच्या तारा, मळ्यासाठी तोड, रबर, वेलदोड्याखालचं साफ केलेलं रान, कुठं कुठं शिकार, सगळं मिळून होतं असं की जंगल दिसायला आहे, पण खारीच्या दृष्टीनं ते बेटं-बेटं झालेलं आहे.

त्या जंगलात कुलेनिया नावाचं उंच झाड असतं. त्याची फुलं थेट जाड फांद्यांवर फुटतात, मांसल पाकळ्यांसारखी. तमिळनाडूतल्या कळक्कड-मुंडनथुराईच्या जंगलातल्या अभ्यासात दिसलं की या फुलांवर दिवसा सिंहपुच्छ वानर आणि शेकरू येतात, रात्री मोठी उडती खार, उदमांजर, वटवाघळं. फुलं खाता खाता परागकण इकडचे तिकडं होतात. खार झाडावर जगते आणि झाडालाही रात्रीच्या पाहुण्यांची गरज असते, असा तो व्यवहार. त्यातलं एक झाड काढलं तर कुणाकुणाचं काय जातं, ते लगेच दिसत नाही.

पाणीवाला औसेकर

हे पटलं. पण मग उपाय काय? झाडं लावा, हेच ना?

माजलगावचा मास्तर

इथंच माझी अडचण आहे औसेकर.

२०१९ ला आपल्या राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. आमच्या शाळेनंही खड्डे खणले, पोरांनी फोटो काढले, मी स्वतः रोपांना पाणी घातलंय. लागवडीला माझा विरोध नाही. पण रोपाला ढोली नसते. झाडाला ढोली यायला साठ-सत्तर वर्षं, कधी शंभर लागतात. आज तोडलेल्या पोकळ वडाच्या बदल्यात दहा रोपं लावली, तर ढोलीच्या हिशेबात दोन पिढ्यांची उधारी झाली. आणि ती उधारी पिंगळ्याला कळत नाही, त्याला या उन्हाळ्यात अंडी घालायची असतात.

वालपारईत यावर काम झालंय ते मला आवडतं. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे लोक तिथं मळेवाल्यांना बरोबर घेऊन मोडकी जंगलं दुरुस्त करतायत, वीसेक वर्षांहून जास्त काळ. एकाच जातीचं झाड ओळीनं लावत नाहीत. त्या त्या जागेच्या शंभराहून जास्त देशी जातींची रोपं स्वतःच्या रोपवाटिकेत वाढवतात, आधी रानटी तण काढतात, मग लावतात. आणि उभं असलेलं जुनं झाड राखणं हे लावण्याच्या आधी येतं. तिथंच रस्त्यावर सिंहपुच्छ वानरांसाठी झाडाझाडांत पूल टाकलेत, आगीच्या बंबाच्या जुन्या पायपांचे.

उडत्या खारीसाठी पुलाऐवजी दुसरी युक्ती आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात डोंगरातल्या एका रस्त्यानं तिथल्या उडत्या खारींची वाट तोडली होती. २००८ मध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच खांब रोवले. खार खांबावर चढते, झेप घेते, पलीकडच्या खांबावर उतरते.

सातवीब_चा_बाप

माझा पोरगा विचारतोय, उडती खार गुलाबी चमकते हे खरं का? त्यानं कुठंतरी पाहिलं.

माजलगावचा मास्तर

खरं आहे, पण कुठली ते बघा. अमेरिकेतल्या उडत्या खारी अतिनील प्रकाशात गुलाबी चमकतात, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या उजेडात ते दिसत नाही. पोराला सांगा, जगात उडत्या खारी पन्नासच्या आसपास जातींच्या आहेत. त्यातली अरुणाचलातली नामदफा उडती खार तर शास्त्राला एकाच नमुन्यावरून माहीत आहे, १९८१ सालच्या. मोठा झाला की जा म्हणावं शोधायला.

डांबरवाला

मी रस्त्याच्या कामावर अभियंता आहे, त्यामुळं इथं मला दोनचार शिव्या बसणार हे धरून लिहितो.

पोकळ झाड रस्त्याकडेला ठेवणं म्हणजे काय असतं ते माझ्या जागी उभं राहून बघा. वळवाच्या वादळात फांदी मोटारसायकलवाल्यावर पडली की आधी फोन मला येतो. तेव्हा कुणी विचारत नाही की त्यात पिंगळा होता का. तुमच्याच गावचे लोक अर्ज देतात, झाड धोकादायक आहे, काढा. चौपदरी रस्ता सगळ्यांना पाहिजे. पुण्याला पाच तासांत पोचायचं पण असतं.

आणि खांब रोवा म्हणणं सोपं आहे. इथं दिव्याचे खांब टिकत नाहीत.

किनवटी

शिव्या नाही देत दादा. पण जी झाडं काढली ती सगळीच धोकादायक होती का? चिंचांच्या दुतर्फा रांगा होत्या, सावलीत बैलगाड्या थांबायच्या. त्या रुंदीच्या आराखड्यात आल्या म्हणून गेल्या, पोकळ होत्या म्हणून नाही.

डांबरवाला

नाही, सगळी नव्हती. हे मान्य. आराखडा वरून येतो. आखणी थोडी इकडं-तिकडं सरकवता येते, पण ती अगदी सुरुवातीला, मोजणी चालू असताना. काम सुरू झाल्यावर लोक झाडाला मिठ्या मारायला येतात, तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. ज्यांना झाडं वाचवायचीत त्यांनी मोजणीच्या वेळी यादी घेऊन यावं. कुठलं झाड, किती घेर, ढोली आहे का, कुठल्या किलोमीटरला. अशी यादी समोर आली तर निदान कागदावर घ्यावी लागते. आजवर माझ्याकडं अशी यादी घेऊन कुणी आलेलं नाही, खरं सांगतो.

काळा कोट, बीड

यादीवरून आठवलं म्हणून कायद्याचं थोडं.

शहरात असाल तर महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो. २०२१ ला त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'हेरिटेज ट्री' धरलं जातं, आणि ते तोडायची वेळ आलीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. वाचायला छान आहे. पण हा कायदा नागरी भागापुरता. गावाच्या शिवारात आणि उघड्या रस्त्यावर तो पोचत नाही. तिथं १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे, त्यात ठराविक झाडांची अनुसूची आहे. आंबा, चिंच, मोह, जांभूळ त्यात येतात. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

दोन्हीकडं झाडाची जात बघतात, वय बघतात. ढोली बघायचा रकाना कुठंच नाही. मास्तर ज्या उधारीबद्दल म्हणतात ती कागदावर येतच नाही, कारण तिचा रकाना नाही. तुम्ही स्वतःच्या यादीत तो रकाना घाला. कायदेशीर वजन किती पडेल ते पुढचं पुढं, पण हरकत नोंदवताना 'या झाडात संरक्षित पक्ष्याचं घरटं आहे' हे फोटो-तारखेसह लिहिलेलं असलं की अधिकाऱ्याला ते बाजूला सारणं अवघड जातं.

नळदुर्गी

आमच्या किल्ल्याकडच्या रस्त्याला एक कडुनिंब आहे, त्यात दरवर्षी राघू असतात. तो धरू का?

काळा कोट, बीड

धरा की.

गुरांचा डॉक्टर, केज

यादीत एक भर घाला. राखी धनेश जिथं दिसतो तिथलं झाड आधी. त्याची मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. विणीच्या दिवसांत ते झाड पाडलं तर मादी-पिल्लं सगळी एकदम जातात. तिला उडून जायलाही येत नाही.

पाणीवाला औसेकर

मास्तर, मी सुरुवातीला तिरकं बोललो तरी मुद्दा सोडलेला नाही. लोकांना सांगायचं तर त्यांच्या कामाचं सांगावं लागतं. माझ्या बापाला 'त्रावणकोरची खार' म्हटलं तर तो हसेल. पण 'पिंगळा उंदीर खातो, तुझ्या सोयाबीनच्या बांधावरची बाभूळ ठेव' म्हटलं तर ऐकेल.

माजलगावचा मास्तर

तसंच सांगा. मी वर्गात मात्र खारीचंच सांगणार. पोरांना पिंगळा रोज दिसतो, त्याचं त्यांना काही वाटत नाही. न पाहिलेल्या प्राण्याची गोष्ट सांगितली की कान टवकारतात, मग त्याच तासाला पिंगळ्यावर येता येतं. सायलेंट व्हॅलीचंही असंच झालं. तिथं धरण होऊ नये म्हणून सत्तरच्या दशकात केरळात आंदोलन उभं राहिलं आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. पोस्टरवर चेहरा होता सिंहपुच्छ वानराचा. रात्रीच्या जिवांसाठी घोषणा कुणी दिल्या नव्हत्या. पण झाडं राहिली म्हणून त्यांच्या ढोलीही राहिल्या.

आणि बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराईचं काम आहे, २०२० ला तिथं वृक्षसंमेलन झालं होतं, आमची शाळाही गेली होती. उघड्या माळावर देशी झाडं उभी राहतात हे पोरांनी डोळ्यांनी बघितलं. ते साठ-सत्तर वर्षांनंतरच्या ढोलींचं काम. यादी आजच्या ढोलींची. दोन्ही लागतात, पण आज हाताशी माणसं कमी असतील तर मी आधी यादी धरीन.

रेल्वेवाली परभणीकर

घरटी-पेट्या लावून बघा ना, लाकडी. जपानमध्ये उडत्या खारींसाठी लावतात असं वाचलंय.

गुरांचा डॉक्टर, केज

ताई, आपल्या मे महिन्यात पातळ फळीची पेटी आत किती तापते ते बघा आणि मग पिल्लं ठेवा. जिवंत झाडाचं जाड खोड आतून गार राहतं. पेटी लावायचीच तर जाड लाकूड, उत्तरेची किंवा पूर्वेची बाजू, दाट सावली. आणि दरवर्षी उतरवून साफ करणारा माणूस लागतो. नाहीतर वर्षभरात मुंग्यांचं घर.

किनवटी

यादीचा कागद कसा करायचा ते ठरवा. माझ्या मते एवढं पुरे : झाड कुठलं, गाव आणि रस्ता, छातीच्या उंचीवर घेर, ढोली जमिनीपासून अंदाजे किती वर, आत कोण दिसलं आणि कधी. ढोलीत हात घालायचा नाही, काठी घालायची नाही, विणीच्या दिवसांत झाडाखाली गर्दी करायची नाही. घरट्याची नेमकी जागा उघड्या ग्रुपवर टाकायची नाही, राघूची पिल्लं काढणारे पण मोबाइल वापरतात.

डांबरवाला

रस्त्याचा किलोमीटर दगड लिहा. 'अमक्याच्या शेताजवळ' असं लिहिलंत तर आमच्या उपयोगाचं नाही. आणि रस्त्याच्या मध्यापासून झाड किती मीटरवर आहे तेही. तेवढ्यावरच ठरतं झाड राहणार की जाणार.

माजलगावचा मास्तर

दोन्ही रकाने घातले. कागद आज रात्री तयार करून इथंच टाकतो, छापून घेता येईल असा. माजलगाव-तेलगाव रस्ता आमची पोरं करतील. केजकडचा डॉक्टरांनी बघावा. परळी कोण?

परळीचा पोऱ्या

मी. वड-पिंपळच घ्यायचे का बाभळीपण?

किनवटी

बाभळीपण. बाभळीत पिंगळा जास्त सापडंल तुला.